आयर्लंडच्या खेड्यातले ऋतुसण: ब्रिजिडचा क्रॉस, मे महिन्याचं झुडूप, पेंढ्याचे पोशाख (साहित्य, कृती, चुका)

गवतकाडी

हा धागा करून बघणाऱ्यांसाठी आहे. आयरिश खेड्यांतल्या सणांबद्दल वाचायला गेलं की देवी, संत आणि धुकं भरपूर मिळतं; काडी कुठून उपटायची आणि कुठे दुमडायची, ते फारसं मिळत नाही. सुरुवात सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीच्या दिवसापासून करते, कारण हा सण अजून घराघरांत हाताने केला जातो. बाकीच्या सणांचं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी खाली भर घालावी.

आधी तारखांचं. जुन्या शेतकरी वर्षाचे चार सांधे आहेत: १ फेब्रुवारीला वसंत (हाच ब्रिजिडचा दिवस), १ मे रोजी उन्हाळा, १ ऑगस्टला कापणी, १ नोव्हेंबरला हिवाळा. यातला प्रत्येक सण आदल्या दिवशी अंधार पडल्यावर सुरू होतो. म्हणून ब्रिजिडचा क्रॉस, म्हणजे घरात लावायची काड्यांची फुली, विणायचा तो ३१ जानेवारीच्या रात्री. २०२३ पासून या सणाची सार्वजनिक सुट्टी मिळते. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते, आणि १ तारीख शुक्रवारी आली तर त्याच शुक्रवारी. सुट्टी सरकते, सण सरकत नाही. कार्यक्रम सोयीने शनिवार-रविवारी करा, पण घरातला क्रॉस ३१च्या रात्रीच विणा.

साहित्य: लव्हाळ्याच्या हिरव्या काड्या. ओल्या, निचरा न होणाऱ्या कुरणात याचे झुबके असतात. काडी गोल, गुळगुळीत, बिनगाठीची आणि निदान ५० सेंमी लांब हवी. चार हातांच्या एका क्रॉसला साधारण २८ काड्या लागतात. मोडतील म्हणून सहा-सात जास्त घ्या. बांधायला जाड सुती किंवा लिननचा दोरा.

काडी कापायची नाही, उपटायची, असा रिवाज आहे. त्यात सोयही आहे. बुडाशी घट्ट धरून सरळ वर ओढली की ती आवरणातून अख्खी निसटते आणि पूर्ण लांबी हाती येते. बुडाचा पांढरा भाग पाणीदार असतो, तो छाटून टाका. टोकाकडे एका बाजूला तपकिरी फुलोऱ्याचा तुरा दिसतो, तिथून वरचंही छाटा.

आता कृती. पहिली काडी उभी धरा. दुसरी बरोबर मध्यावर दुमडा आणि पहिलीच्या मध्याला कवेत घेऊन तिची दोन्ही टोकं उजवीकडे जाऊ द्या. दुमड चिमटीत दाबून ठेवा. सगळा जुडगा घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. मघाची उजवी टोकं आता वर आली. तिसरी काडी दुमडून वर आलेल्या सगळ्या काड्यांभोवती घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. परत पाव फेरा. पुढे शेवटपर्यंत हेच: नवी काडी नेहमी वरच्या हाताभोवती, टोकं नेहमी उजवीकडे, फेरा नेहमी एकाच दिशेने. प्रत्येक काडी मध्याकडे सरकवून आधीच्या काडीला चिकटवायची. मधला विणलेला चौकोन हळूहळू बाहेर वाढत जातो. काड्या संपल्या की चारही हात टोकांपाशी घट्ट बांधा, आणि बांधून झाल्यावरच टोकं सारखी कापा.


डोंगरझरा

फार उपयोगी, गवतकाडीताई. दोन अडचणी विचारतो. दुमडताना काडी चिरते आणि आतला पांढरा गाभा बाहेर येतो. दुसरं म्हणजे मधला चौकोन चौकोन न राहता तिरका होतो. ताज्या काड्या घेऊनही असं का होतं?


ओलीमाती

काडी चिरण्याचं कारण बहुतेक वेळा जात चुकीची हे असतं. आयर्लंडच्या कुरणांत सारखे दिसणारे दोन-तीन लव्हाळे शेजारीशेजारी वाढतात. हवा तो मऊ लव्हाळा: चकचकीत हिरवा, बोटाला गुळगुळीत लागणारा, सोलला तर आत सलग पांढरा गाभा. नको तो कडक लव्हाळा: निळसर करडा, उभ्या ठसठशीत रेघांचा, आतला गाभा तुटक तुटक. हा दुमडला की तुटतोच. नखाने एक काडी सोलून गाभा सलग आहे का ते पाहा आणि मगच जुडी गोळा करा.

जात बरोबर असूनही चिरत असेल तर काडी जुनी आहे. फेब्रुवारीत झुबक्यात गेल्या वर्षीच्या पिवळट काड्याही उभ्या असतात, त्या सोडा. अंगठ्याने दुमडीची जागा आधी हलकेच चपटी करा आणि मग वाकवा. गाभा दबला की साल ताणली जात नाही.

काड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दोन दिवसांत काळ्या पडून बुरशी धरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून गार जागी ठेवल्या तर तीन-चार दिवस चांगल्या राहतात.

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कुरणात शिरू नका. तो नाही म्हणण्याची शक्यता कमी, कारण त्याच्या दृष्टीने हे तण आहे. पण एक प्रश्न जरूर विचारा: फवारणी केली आहे का? लव्हाळ्यावर एमसीपीए हे तणनाशक सर्रास मारतात. मुलांच्या हातात द्यायच्या काड्या तिथल्या नकोत.


गवतकाडी

चौकोन तिरका होण्याची कारणं तीन. पहिलं, मध्येच फिरवण्याची दिशा बदलली जाते. बोलत बोलत विणताना हे हमखास होतं. ज्या हाताने धरता तो बदलू नका, दिशा आपोआप टिकते. दुसरं, नवी काडी वरच्या सगळ्या काड्यांना कवेत घेत नाही, एखादी बाहेर राहते. ती एक सुटली की पुढचे सगळे थर त्या बाजूला घसरतात, आणि तेवढं उसवण्याशिवाय इलाज नाही. तिसरं, जाडीतला फरक. चारही हातांना जाड-बारीक काड्या सारख्या वाटल्या जाव्यात म्हणून आधीच जाडीप्रमाणे ढीग करा आणि एका फेरीत एकाच ढिगातल्या चार काड्या वापरा.

आणखी एक, कोणी आधी सांगत नाही: काडी सुकली की आकसते. पहिल्या दिवशी घट्ट वाटलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत सैल होते आणि हात फिसकटतात. म्हणून गाठ सुटी करता येईल अशी बांधा आणि सुकल्यावर पुन्हा आवळा. रबर लावायचं असेल तर विणताना तात्पुरतं लावा, ते वर्षभरात तुटतं. सुकवायचं सावलीत, सपाट, हवा लागेल असं. ओलसर भिंतीवर हिरवा क्रॉस लगेच टांगला तर मागून बुरशी येते.


शेवंता

आकार पाहून स्वस्तिक आठवणं साहजिक आहे. काही संबंध आहे का?


ओलीमाती

शेवंताताई, तो आकार विणीतून येतो. प्रत्येक काडी आधीच्या हाताला कवेत घेऊन पाव फेऱ्याने पुढे जाते, त्यामुळे हात एकमेकांसमोर न येता बाजूला सरकलेले दिसतात. तसं विणलं तर दुसरं काही होऊच शकत नाही. नातं जोडायची घाई नको, कारण चार हातांचा क्रॉस हा अनेक प्रकारांपैकी एक. तो सगळीकडे ओळखीचा व्हायला आयरिश दूरचित्रवाणीचाही हातभार लागला. ३१ डिसेंबर १९६१ला सुरू झालेल्या तिथल्या वाहिनीने हाच क्रॉस आपलं चिन्ह म्हणून घेतला होता.

तीन हातांचा प्रकार उत्तरेकडे, अल्स्टर भागात, गोठ्यासाठी करत. त्याची सुरुवातच अवघड आहे: पहिली दुमडलेली काडी, तिला कवेत घेणारी दुसरी, आणि दुसरीला कवेत घेणारी तिसरी, जिची टोकं पहिलीच्या दुमडीतून बाहेर काढायची. तिन्ही एकाच वेळी ओढून कुलूप बसवायचं आणि मग प्रत्येक वेळी एक तृतीयांश फेरा. दुसरा एक प्रकार म्हणजे काटक्यांची फुली करून तिच्यावर पेंढा गुंडाळत नेलेला पतंगाच्या आकाराचा क्रॉस. प्रत्येक काटकीला एक वेढा देऊन पुढच्या काटकीवर जायचं, मधून बाहेर. पेंढा मात्र आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावा लागतो. लव्हाळा ताजा असेल तर भिजवायची गरज नाही.

मेयो परगण्यात कॅसलबारजवळ टर्लो पार्क इथे राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, २००१ साली उघडलेली. तिथे हे प्रकार प्रत्यक्ष पाहून घ्यावेत. छायाचित्रात काडीचा वळसा वरून गेला की खालून, ते कळत नाही.


अबोली_गॉलवे

क्रॉस झाला, पण त्या रात्रीचं बाकीचं राहून जातं, म्हणून लिहिते.

लव्हाळ्याची जुडी घरात आणण्याचाही विधी होता. घरातलं एक माणूस जुडी घेऊन बाहेर उभं राहायचं आणि दारावर थाप मारून आतल्यांना सांगायचं: गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या. आतून तिच्या स्वागताचं उत्तर यायचं. तीन वेळा असं झालं की जुडी आत, टेबलाखाली. मग जेवण, आणि जेवणानंतर त्याच काड्यांचे क्रॉस. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसती हस्तकला म्हणून क्रॉस केला की दार, थाप आणि स्वागत हे तिन्ही गळून पडतं, आणि खरं तर सण तोच आहे.

ब्रात ब्रीजे: सुती किंवा लोकरी कापडाचा तुकडा किंवा फीत संध्याकाळी बाहेर झुडपावर नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि सूर्य उगवायच्या आत घरात घ्यायची. रात्री फिरणारी ब्रिजिड त्याला स्पर्श करून जाते अशी श्रद्धा. डोकेदुखीला कपाळावर बांधत, गाय विताना तिच्या पाठीवर ठेवत. जानेवारीअखेरचा वारा पश्चिम किनाऱ्यावर कापड ठेवू देत नाही. गाठ मारा किंवा दगड ठेवा.

ब्रीडोग: ब्रिजिडची बाहुली. लोणी घुसळायच्या रवीला पेंढा आणि जुने कपडे गुंडाळून करत. मुलं ती घेऊन दारोदार जात आणि अंडी, लोणी, पैसे गोळा करत. केरी परगण्यात मोठी माणसं निघतात, त्यांना बिडी म्हणतात. डोक्यावर पेंढ्याच्या उंच निमुळत्या टोप्या, चेहरा झाकलेला, बरोबर वाजंत्री. किलॉर्ग्लिनच्या आसपास ही चाल जिवंत आहे.

जेवणात बटाटा आणि लोणी. चार जणांसाठी कोलकॅनन: पिठूळ बटाटा १ किलो (रूस्टर किंवा कर्स पिंक), केल किंवा कोबी २५० ग्रॅम, दूध १५० मिली, लोणी १०० ग्रॅम, कांद्याची पात मूठभर. बटाटा सालासकट उकडा, पाणी ओतून टाकून झाकणाखाली पाच मिनिटं वाफेवर कोरडा होऊ द्या, मग सोला. पात दुधात घालून दूध तापवा आणि गरमच ओता. थंड दुधाने बटाटा घट्ट बसतो. मिक्सर लावला तर खळ होते, हाताने कुटा.


पश्चिमवारा

ब्रिजिडच्या पवित्र विहिरींवर जाणाऱ्यांसाठी एक विनंती. किल्डेअर, लाउथमधलं फॉहर्ट, क्लेअरमधलं लिस्कॅनर, अशा ठिकाणच्या ब्रिजिडच्या जागी झाडांना चिंध्या बांधलेल्या दिसतात. मूळ कल्पना अशी की चिंधी कुजत गेली की दुखणं ओसरत जातं. पॉलिस्टरची फीत कुजत नाही आणि वाढत्या फांदीला काचते. सुती किंवा लोकरी कापड, सैल गाठ, पातळ पट्टी. नाणी खोडात ठोकू नका.


नांगरट

१ मेचं मी लिहितो. दोन चाली आहेत, त्या मिसळू नयेत.

उत्तरेकडे आणि इतरत्रही: पिवळी फुलं. ३० एप्रिलच्या संध्याकाळी प्रिमरोझ, मार्श मॅरिगोल्ड किंवा गॉर्सची फुलं उंबऱ्यावर, खिडकीत, गोठ्याच्या दारात टाकायची. गॉर्स सगळीकडे असतो पण काटे भयंकर. जाड हातमोजे आणि कात्री घ्या, फक्त शेंडे कापा. प्रिमरोझ मुळासकट ओढू नका.

लीन्स्टरच्या बाजूला, वेक्सफर्डकडे विशेष: मे बुश, म्हणजे हॉथॉर्न या काटेरी झाडाची फांदी अंगणात रोवून सजवायची. सजावटीला कापडाच्या फिती आणि ईस्टरला जपून ठेवलेली अंड्यांची टरफलं. टरफल अख्खं हवं असेल तर अंड्याला दोन्ही टोकांना भोक पाडा, खालचं थोडं मोठं, सुईने आतला बलक मोडा आणि वरून फुंका. धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर वास येतो.

इथे कायदा येतो. आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कुंपणाची झाडी तोडायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पक्षी घरटी करतात म्हणून. त्यामुळे रस्त्याकडेच्या कुंपणातून फांदी तोडून आणू नका. स्वतःच्या बागेतल्या जिवंत हॉथॉर्नलाच सजवा, पण आधी आत घरटं नाही ना ते पाहा. नाहीतर फेब्रुवारीतच छाटलेली फांदी जपून ठेवा. कोरडी फांदी फितींनी छान दिसते.

शेतात एकटा उभा असलेला हॉथॉर्न मात्र सोडून द्या. तो परीलोकाचा मानतात, त्याला कोणी हात लावत नाही. फुललेला हॉथॉर्न घरात आणणंही अशुभ. त्या फुलांना मांस सडल्यासारखा किंचित वास असतो, कारण त्यात ट्रायमिथिलअमीन असतं.

१ मे रोजी हॉथॉर्न फुललेला नसेल तर निराश होऊ नका. १७५२ साली पंचांग बदललं तेव्हा अकरा दिवस गाळले गेले. जुना १ मे आजच्या मेच्या मध्याकडे पडायचा, तेव्हा तो फुलतोच.


डोंगरझरा

पेंढ्याच्या टोप्या आणि पोशाख कसे करतात? बाजारात मिळणाऱ्या गठ्ठ्यातला पेंढा घेतला तर सगळा चुरा निघतो.


काडवेल

गठ्ठ्यातला पेंढा कधीच चालणार नाही. कंबाइन यंत्र काडी चेचतं आणि तुकडे करतं, शिवाय आजची धान्यं मुद्दाम बुटकी केलेली असतात. लागतो तो लांब दांड्याचा ओट, हाताने किंवा बाइंडरने कापलेला आणि पेंढ्या बांधून उभा सुकवलेला. छप्पर शाकारणारे कारागीर असा पेंढा मिळवतात किंवा पिकवतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यातच मागणी नोंदवावी. डिसेंबरात शोधायला लागलात तर मिळणार नाही.

पोशाखाचा पाया म्हणजे सूगॉन, पेंढ्याचा दोर. दोन माणसं लागतात. एक बसून पेंढा सोडत राहतो, दुसरा आकड्याला पीळ देत मागे मागे चालत जातो. पेंढा आधी ओला शिंपडून रात्रभर गोणपाटाखाली ठेवा म्हणजे लवचीक होतो, पण थबथबीत नको. दोर जाड-बारीक होतो तो सोडणाऱ्यामुळे, पीळ देणाऱ्यामुळे नव्हे. त्याने दर वेळी चिमूटभर सारखाच पेंढा सोडायचा आणि नव्या काड्यांची टोकं जुन्यांत निदान वीतभर गुंतवायची. पीळ कमी पडला तर ताण येताच दोर सुटतो, जास्त झाला तर वेटोळी पडतात. दोर झाल्यावर दोन्ही टोकं ताणून बांधून सुकवायचा, मगच वापरायचा.

कमरेचा आणि खांद्याचा असे दोन दोर घ्या. मूठभर पेंढा मध्यावर वाकवून दोरावर घालायचा आणि खाली सुतळीने आवळायचा, दाटीवाटीने, झालर होईपर्यंत. टोपीसाठी मोठी पेंढी कणसांच्या बाजूने घट्ट बांधायची, ते टोक वर. खालचा पेंढा पसरून डोक्यावर चढवायचा आणि आतून दोराची दोन कडी बांधायची, एक डोक्याच्या मापाची, एक खांद्याच्या. डोळ्यांपाशी पेंढा विरळ ठेवा; चालताना पायाखालचं दिसलं पाहिजे.

धोका आगीचा. हा पोशाख घालून मेणबत्ती, शेकोटी, सिगारेट यांच्या जवळपास जायचं नाही. पाऊस लागला तर वजन दुप्पट वाटतं. ठेवायचा असेल तर टांगून ठेवा, उंदरांना कणसात राहिलेला दाणा लगेच सापडतो.

२६ डिसेंबरच्या रेन डेला (रेन हा एक चिमुकला पक्षी), डिंगलमध्ये विशेष थाटात, हे पोशाख दिसतात. पूर्वी रेन पक्षी खरोखर मारून हॉलीच्या फांदीवर बांधून फिरवत. आता लाकडी किंवा कापडी पक्षी असतो आणि तसाच असावा. फांदीवर फिती आणि रंगीत कागद चालतो. पावसात कागदाचा रंग ओघळतो म्हणून फिती बऱ्या.


शेवंता

शाळेतल्या लहान मुलांसाठी लव्हाळ्याऐवजी पाइप क्लीनर किंवा कागदी नळ्या वापरल्या तर?


गवतकाडी

माझं मत स्पष्ट आहे: नको. पाइप क्लीनरमध्ये तार असते, ती जिथे वाकवाल तिथेच राहते, त्यामुळे मुलांना चिमटीत धरून ठेवायची गरजच उरत नाही आणि वीण हाताला कळत नाही. कागदी नळी दुमडली की फाटते. शहरात लव्हाळा मिळत नसेल तर राफिया किंवा कोणतंही लांब, न फुललेलं गवत घ्या. सात वर्षांखालच्या मुलांना १३ काड्या पुरेत, म्हणजे पहिली उभी आणि तीन फेऱ्या. दोघांची जोडी लावा, एकाने मध्य धरायचा, दुसऱ्याने काड्या घालायच्या.


अबोली_गॉलवे

आणि मुलांनी आजी-आजोबांना विचारायची परंपराही तिथे आहेच. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून गावोगावच्या चाली लिहून घेतल्या. त्या वह्या आता 'दूखस' या संकेतस्थळावर परगण्यानुसार वाचता येतात. १९४२ मध्ये आयोगाने खास ब्रिजिडच्या सणावर प्रश्नावलीही पाठवली होती. कार्यक्रम ज्या गावात करायचा, त्या गावची किंवा शेजारची वही आधी वाचा. केरीची बिडी आणि वेक्सफर्डचं मे बुश एकाच मंचावर 'आयरिश सण' म्हणून दाखवलं, की दोन्ही गावांना ते आपलं वाटत नाही.


डोंगरझरा

शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षीच्या क्रॉसचं काय करायचं?


ओलीमाती

घराघरांत वेगळं. काही जण नवा दारावर आतल्या बाजूला लावून जुना गोठ्यात किंवा माळ्यावर नेतात, काही जण चुलीत घालतात, काही ठिकाणी छपराच्या वाशांत वर्षानुवर्षांचे क्रॉस एकाशेजारी एक खोचलेले असत. आगीपासून घर राखायचं त्याचं काम, म्हणून छपराशी जवळीक. फक्त कचऱ्यात टाकू नका. आणि जाळणार असाल तर आधी दोरा नायलॉनचा नाही ना ते बघून सोडवा.